चाचीचं बोलणं आणि माझं भाषण

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी मोताळ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. यजमान नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात कारकून. मला नांदुऱ्याला बदली हवी होती, आणि ती नागपूरच्या तपासनीस बाईंच्या हातात होती.

धामणगाव बढ्याची एक मुसलमान मणियारीण दर बाजाराला बांगड्यांची टोपली घेऊन माझ्याकडे यायची. मी तिला चाची म्हणायची. ती हिंदूंच्याही घरोघर हिंडलेली. बांगड्या भरता भरता बोलायची, "तुमची लेकरं पाटीवर श्रीगणेशा गिरवतात, आमची बिस्मिल्ला. तुमच्या बाळंतिणीले सव्वा महिना, आमचीले चाळीस दिवस. तुमी चांद पाहून संकष्टी सोडता, आमी चांद पाहून ईद करतो." एकदा मी विचारलं, "चाची, उपास कशाला करायचा हो?" ती म्हणाली, "देवाले काय भूक लागते, बाई? दुसऱ्याची भूक आपल्याले समजावी म्हून."

त्या संक्रांतीला नांदुऱ्याच्या महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. विषय होता सर्व धर्मांतलं साम्य, आणि अध्यक्षा तपासनीस बाई. दोन पुस्तकं चाळली, पण त्यातलं काही डोक्यात शिरेना. शेवटी चाचीचं बोलणंच शुद्ध भाषेत घालून म्हटलं. उपासाच्या वाक्याला तर टाळ्या पडल्या.

तपासनीस बाईंनी कौतुकानं विचारलं, "हा विचार तुम्हाला कुठं सापडला?"

"एका इंग्रजी ग्रंथात वाचला," मी म्हणाले. खोटं इतक्या सहज बोलले, की माझं मलाच नवल वाटलं.

हळदीकुंकवाला बाहेर ओट्यावर गेले, तर चाची! मंडळानं तिला बायकांना बांगड्या भरायला बोलावलं होतं. दार उघडंच होतं. सगळं तिच्या कानावर गेलं असणार. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या बाईचा हात हातात घेऊन बांगडी चढवू लागली. मी मागच्या दारानं निघून गेले.

त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. चार बाजार वाट पाहिली आणि मग एका रविवारी बैलगाडी करून धामणगावला गेले. तिनं अंगणात बाज टाकली, "बसा बाई" म्हणाली आणि लख्ख घासलेल्या गडव्यातून पाणी आणलं. माझा हात पुढं होईना. लहानपणापासून मुसलमानाच्या घरचं पाणी प्यालेलं नव्हतं. भाषणात काय बोलले होते, ते त्या क्षणी कुठल्या कुठं गेलं.

"आज माझा उपास आहे, चाची. निर्जळी."

तिनं बोटांवर तिथी मोजली. "आज कोनता उपास, बाई? आज तर नवमी हाय. तुमच्यात या नवमीले काई नसते."

तिनं गडवा उचलून आत नेला. ती बाहेर आल्यावर मीच कसंबसं म्हणाले, "त्या दिवशी भाषणात तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"बोलनं काई माह्या मालकीचं नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुमी सांगतलं, चांगलं केलं. पन पुस्तकाचं नाव काऊन घेतलं? माह्यी लाज वाटली का तुमाले?"

"नाही," असं मी म्हणाले. तेही खरं नव्हतं.

जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. तपासनीस बाईंनी शेऱ्यात माझ्या व्यासंगाची तारीफ केली होती. त्यांना खरं कळवावं म्हणून मी पत्र लिहिलं, आणि फाडून टाकलं. यजमानांनी पेढे वाटले.

नांदुऱ्याला आमच्या गल्लीत पुढं चाचीची सून टोपली घेऊन येऊ लागली. पहिल्यांदा आली तेव्हा मी सासूची खुशाली विचारली. "अम्मा बरी हाय," एवढंच ती म्हणाली. मी नको असताना तिच्याकडून दोन डझन बांगड्या घेतल्या. निरोप काय द्यावा ते सुचेना, आणि ती पुढच्या घराकडे निघून गेली.