जिजींनी विहिरीकडे पाठ केली

भय हा शब्द जिला ठाऊकच नव्हता अशी ती वीरमाता होती, असं माझ्या सासूबाईंच्या शोकसभेत एका पुढाऱ्यांनी सांगितलं. सासूबाईंचं नाव त्यांनी चिठ्ठीवर पाहून वाचलं, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. जिजी पालीला घाबरत, इंजेक्शनला घाबरत, टीव्हीवरच्या ज्योतिषाला तर फारच. गेल्या महिन्यात त्या गेल्या. त्यांची सगळ्यात मोठी भीती मी पाहिली आहे. तिच्यामुळेच मी आज हे लिहायला आहे.

मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच, कळसाडीला झालं. तोवर मी भरपूर पुस्तकं वाचली होती आणि त्यांतल्या सगळ्या आया बाळाचं तोंड पाहून धन्य होत. रेवा झाली आणि मी धन्य व्हायची वाट पाहत पडून राहिले. ती झोपली तरी मला झोप नसे. घास घशाखाली उतरत नसे, कारण नसताना रडू येई. आणि मग चित्रं दिसू लागली... रेवा हातातून निसटते आहे, पाण्यात जाते आहे. विळी दिसली की मी हात पाठीमागे बांधून घ्यायचे. कुणाला सांगावं तर मूल काढून घेतील. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यातून नवरा घरी आला की म्हणायचा, "थकवा आहे. मोबाइल कमी बघ." मोबाइल त्याच्याच हातात असायचा.

आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण विहीर पुजते. कापसाच्या शेतातल्या विहिरीवर गल्लीतल्या बायका जमल्या. बाळाला पाणी दाखवायचं म्हणून मी रेवाला घेऊन काठाशी गेले, खाली पाहिलं. पाणी काळं होतं, हलत नव्हतं. आपले हात आता उघडतील असं वाटलं. मला ते नको होतं, पण हात माझे वाटेनात... मी तिथेच मातीत बसले.

"शिकेल बाई, इहीरले भ्यास!" शिकलेली बाई विहिरीला भिते म्हणून एक जण हसली. दुसरी म्हणाली, "आमले पाच पाच पोरं हुयनात. रडाले टाइम कोनले व्हता?"

जिजींनी रेवाला माझ्याकडून घेतलं आणि विहिरीकडे पाठ करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एरवी त्यांचा आवाज वेशीपर्यंत जाई. तेव्हा त्या मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलल्या.

"काय दिखी ऱ्हायनं तुले? खरं सांग, माय."

मी सगळं सांगितलं. मागून कुणीतरी अंगारा देणाऱ्या भगताचं नाव काढलं. जिजींनी रेवाला छातीशी धरलं.

"मन्ही धाकली बहीण बी असंच सांगे. बाळंतीणच व्हती. तिले भगतकडेच लई गऊत. मंग ती इहीरमा गयी... आम्ही लोकेसले सांगं, पाय घसरना."

नारळ ताटातच राहिला.

तशाच आम्ही रिक्षा करून नंदुरबारला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. विहिरीवर नव्हते त्यांना जिजींनी सांगितलं, दूध कमी येतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येतात?" ताप आहे का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात. हा बाळंतपणानंतर येणारा आजार आहे, म्हणाल्या. आई वाईट असते म्हणून तो येत नाही. अंगावर पाजतानाही चालेल अशी गोळी दिली.

"ही येडी व्हयी का?" जिजींनी विचारलं.

"नाही. बरी होईल. पण तोवर एकटी सोडू नका."

पहिलं वाक्य जिजींनी ऐकलं की नाही, शंका आहे. शेवटचं त्यांनी धरून ठेवलं. घरी येताच मोरीच्या दाराची कडी उपटून टाकायला लावली. मी आंघोळीला गेले की बाहेर पाट टाकून बसत, मांडीवर रेवा, आणि विचारत राहत, "शेस ना व?", म्हणजे आहेस ना. "शे," मी म्हणायचे. साबण डोळ्यांत गेल्यामुळे उत्तराला उशीर झाला तर दार धाडकन उघडे. त्यांचा तो चेहरा मला आठवतो... चित्रं पुसट व्हायला काही महिने लागले. जिजींचं विचारणं त्यानंतरही बराच काळ थांबलं नाही. मग मीही विचारायचे, त्या आत असल्या की.

मोरीला कडी अजून बसवलेली नाही. पाहुण्यांना आत असेपर्यंत खोकत राहावं लागतं.