रोग समजला होता

मी भंडाऱ्यात कारकून असताना आमच्या कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला. गावोगावच्या कुष्ठरुग्णांची यादी मी त्यावर चढवायचो. चाळीसेक नावं झाली की यंत्र गोठायचं आणि सगळी नावं पुसली जायची.

कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीने नागपूरहून दुरुस्तीला माणूस पाठवला. तो मूळचा लाखनीकडचा, सडपातळ, खुर्चीत कधी टेकून न बसणारा. मी एक नाव टाकलं की मेमरीत किती जागा उरली ते पाहून तो वहीत लिहायचा. तीन दिवस त्याने हेच केलं. दर नावागणिक जागा घटत होती.

"मशीन चांगली आहे जी," तो मला म्हणाला. "परोगराम हरेक नावाले जागा घेते, पण काम झाल्यावर सोडत नाही. रोग तं समजला, पण औषध माह्या हाती नाही. ज्यानं लिवला, त्यालेच बदलता येते."

त्याने कंपनीतल्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ट्रंककॉल लावला. तिकडून उत्तर मिळालं, मेकॅनिकने तारा तपासाव्यात.

आमचे साहेब भडकले. "तुला जमत नाही, म्हणून प्रोग्रामला नावं ठेवतोस?"

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो.

महिन्याभरात कंपनीने त्याला काढल्याचं कळलं. यादी मी पुन्हा हाताने लिहायला घेतली. त्याची चूक नव्हती, हे सबंध कार्यालयात मला एकट्यालाच माहीत होतं.