मामासासऱ्यांचे अडकित्ते

सुपारीवर आमच्या मामासासऱ्यांनी जेवढा अन्याय केला तेवढा उभ्या परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. त्यांच्याकडे बेचाळीस अडकित्ते होते आणि ते सुपारी खात नव्हते. खात नव्हते म्हणजे खाऊच शकत नव्हते. चुकून एखादं खांड दाढेखाली गेलं की त्यांना सुपारी लागायची, कपाळावर घाम फुटायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि शेजारी जो कोण असेल त्याचा खांदा धरून ते मटकन खाली बसायचे. पोहता न येणाऱ्या माणसानं गावातल्या विहिरी विकत घेत सुटावं, तसा हा कारभार होता. लग्न ठरल्यावर मी भीत भीत त्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा माझ्या अडाणीपणाची कीव करत ते म्हणाले, "जावईबापू, शौकाला दात लागत न्हाईत."

मामा एसटीत कंडक्टर होते आणि बहुतेक वेळा त्यांची ड्यूटी जिंतूर-बोरी-परभणी अशी असायची. प्रवाशांना पोचवण्यासाठी बस असते हा समज त्यांच्या बसमध्ये बसणाऱ्यांनी फार पूर्वीच सोडून दिला होता. एकदा मीच त्यांच्या गाडीत होतो. बोरीला एक म्हातारी चढली, खिडकीशी बसली आणि तिनं कमरेची चंची सोडली. मामा तिकिटं फाडत मागे चालले होते, ते जागच्या जागी थांबले. "मावशे, चंचीत काय हाय?" "पान हाय बाबा." "पान न्हाई म्हणत मी. त्ये पितळी." म्हातारीनं अडकित्ता काढून दिला. दोन दांड्यांचे दोन पोपट, चोचीला चोच लावलेले. मामांनी घंटी ओढली, गाडी थांबली. ड्रायव्हरनं मागे न बघताच इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली, यावरून हे नेहमीचं असावं हे मी ओळखलं. पुढची पंधरा मिनिटं जिल्ह्याची वाहतूक त्या दोन पोपटांसाठी खोळंबली. पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला शेवटी ओरडला, "अहो कंडक्टर, कोर्टात तारीख हाय माझी!" मामा वरही न बघता म्हणाले, "तारीख पुढची मिळती. असला अडकित्ता पुन्हा मिळत न्हाई." म्हातारीला त्यांनी पिशवीतला कोरा करकरीत अडकित्ता दिला, वर रोख दिले, शिवाय तिचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढलं. असे दोन-तीन नवे अडकित्ते ते बदलीसाठी कायम जवळ बाळगत. पगारातले नेमके किती पैसे या बदलीत जात हे मामींना कधी कळलं नाही. मामांनाही कळलं नसावं, कारण कळण्याची त्यांना भीती वाटे.

जिंतूरला आमच्या बौद्ध वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. लग्नानंतर मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा नव्या जावयाचं स्वागत कसं करावं याबद्दल त्यांचे विचार अगदी स्पष्ट होते. पाटावर बसवून त्यांनी माझ्यापुढे ट्रंक उघडली. जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेला एकेक अडकित्ता बाहेर यायचा, त्याचं गाव सांगितलं जायचं, घराणं सांगितलं जायचं, पात्याची धार अंगठ्यावर दाखवली जायची. हा घोड्याचा, ही नवराबायकोची जोडी, ह्याच्या खिळ्याला चांदी हाय बगा. सव्विसाव्या अडकित्त्याला माझ्या पोटातून आवाज आला. "जेवायला वाढू का आता?" मामींनी दारातून विचारलं. "पाव्हणा बघायलाय न्हाई का!" मामा म्हणाले. मामी म्हणाल्या, "पाव्हणा बघायलाय, पर पाव्हण्याचं पोट बोलायलंय." त्या दिवशी वरणभात गार झाला. लाडका जावई म्हणून मला त्यानंतर प्रत्येक भेटीत ते सगळे बेचाळीस पाहावे लागले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत जिल्हा वरचेवर बंद असायचा. मोर्चे निघायचे, त्यांच्याविरुद्ध मोर्चे निघायचे आणि रस्ते अडले की पहिल्यांदा एसटी उभी राहायची. अशा दिवशी मामा चिंच आणि राख घेऊन अंगणात बसत आणि पितळ घासत. बाहेर मराठवाडा पेटलेला असताना मामांचे अडकित्ते तेवढे लखलखत. पण पहिल्याच वर्षी, खेड्यांतली आपली घरं जळाल्याच्या बातम्या रोज येत होत्या तेव्हा, एका दुपारी वस्तीत आवई उठली की शे-दोनशे जणांचा घोळका इकडेच निघालाय. जो तो हाताला लागेल ते घेऊन पळत सुटला. मामी नऊ वर्षांच्या लेकीचा, सुजाताचा, हात धरून पळाल्या. मामा डोक्यावर ट्रंक घेऊन पळाले. आवई खोटी निघाली, माणसं संध्याकाळपर्यंत परत आली. मामींनी मात्र ती दुपार पुढे कधीच संपू दिली नाही. "ह्यांनी पोरगी सोडली आन पितळ उचललं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. यावर मामांचं ठरलेलं उत्तर होतं, "पोरीला पाय हायेत. ट्रंकेला हायेत का?" हे उत्तर त्यांना बिनतोड वाटायचं. आम्ही हसायचो. सुजाता हसायची नाही.

या सगळ्या लवाजम्याचा राजा म्हणजे मोराचा अडकित्ता. वीतभर लांब, पिसाऱ्यावर बारीक नक्षी, डोळ्याच्या जागी लाल खडा. मामांच्या गावच्या देशमुखाचा तो. मामांचे वडील त्या देशमुखाच्या ओसरीखाली, अंगणात, उन्हात बसून राहायचे. गावात सांगावा घेऊन जायचं काम त्यांचं. काम चोख झालं आणि देशमुख खुशीत असला की तो याच अडकित्त्यानं सुपारी कातरायचा आणि एक खांड वरून खाली टाकायचा. "माझा बाप झेलायचा," मामा सांगत, "लय पटाईत होता. एक खांड भुईला पडू दिलं न्हाई." हे सांगताना ते असं हसत की ऐकणाऱ्यानं हसावं की नाही तेच कळू नये. पुढे देशमुखांचे दिवस फिरले, घरातलं तांबंपितळ जिंतूरच्या मोडीच्या दुकानात आलं आणि त्या ढिगात मामांना मोराची मान दिसली. त्या महिन्यात घरी ज्वारी उसनी आणावी लागली.

आणि मग सुजाता मेडिकलला लागली. औरंगाबादला. वस्तीतून पहिलीच. लोकांनी हलगी लावून मिरवणूक काढली, मामांना खांद्यावर घेतलं. खांद्यावरून खाली उतरल्यावर मामांना कळलं की स्कॉलरशिप मंजूर झाली तरी हातात यायला वर्ष संपतं, आणि हॉस्टेल, मेस आणि पुस्तकवाले तेवढं थांबत नाहीत. भरायला आठवडा होता. सोसायटीचं कर्ज आधीच उचललेलं होतं, ते कशासाठी हे विचारायचं कारण नव्हतं. मामी काही बोलल्या नाहीत. भांडणात कधी गप्प बसायचं हे त्यांना उत्तम कळायचं. तिसऱ्या दिवशी मामांनी ट्रंक ओढली, वरचेच हाताला येतील ते बारा अडकित्ते एका पिशवीत कोंबले आणि हैदराबादकडून फिरतीवर आलेल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देऊन आले. तोंड फिरवून दिले, असं सोबत गेलेला ड्रायव्हर म्हणाला. मोजलेसुद्धा नाहीत.

सुजाता औरंगाबादला गेली. महिन्याभरात पत्र आलं की हाडं लागतात. मामींनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. माणसाची खरी हाडं, पेटीभर, वरच्या वर्गातल्या मुलांकडून विकत मिळतात. मामांनी आणखी चार अडकित्ते काढले. दिवाळीत ती पेटी घेऊनच पोरगी घरी आली, तेव्हा मामींनी ती घरात घेऊ दिली नाही. मामा मात्र अंगणात बसून एकेक हाड हातात घेऊन बघत राहिले. खुब्याचा सांधा त्यांनी फिरवून पाहिला. "खिळा न्हाई, काई न्हाई," ते म्हणाले, "आन किती साफ फिरतंय बग." मग हळूच विचारलं, "ह्याला तेल लावावं लागतं का गं?"

उरलेले अडकित्ते मात्र त्यांनी असे कुणालाही दिले नाहीत. गिऱ्हाइकाची आधी चौकशी व्हायची, मुलगी देताना होते त्याहून कडक. राणीसावरगावच्या एका मास्तरला घोड्याचा अडकित्ता हवा होता. काय करणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, "शोकेसमध्ये ठेवीन." मामांनी त्याला हाकलला. अडकित्ता कोंडून ठेवणारा माणूस त्यांना पटेना. आपण स्वतः ट्रंकेत कोंडून ठेवत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि आम्ही आणून दिलं नाही. मोडीचा दुकानदार दारात येऊन "किलोनं काय भाव?" म्हणाला, तेव्हा मामींनाच मध्ये पडावं लागलं. आणि विक्री झाली म्हणून सुटका नव्हती. बस कुठं थांबली की मामा खाली उतरून अडकित्ता दिलेल्या घरी डोकवायचे, खिळ्यात तेलाचा थेंब सोडायचे, धार बघायचे आणि "चुना पुसत न्हाईत का रे?" म्हणून घरधन्याला झापायचे. लेक दिल्यासारखा दिमाख होता. गाड्या आणखी उशिरा पोचू लागल्या.

तिसऱ्या वर्षी ट्रंकेत मोर एकटा उरला. सुजाताची परीक्षेची फी जवळ आली होती आणि एका सकाळी देशमुखांचा मुलगा दारात आला. पन्नाशीचा, पांढरे कपडे, बाहेर मोटारसायकल. म्हणाला, "आबा नव्वदीला आलेत. दिसत न्हाई, पर रोज अडकित्ता मागतेत. तुमच्याकडं हाय म्हणून कळलं. काय म्हणाल ते देतो." मामा म्हणाले, "बसा." "घाई हाय." "चहा घ्या." "आत्ताच झाला." त्या काळात आमच्या वस्तीत येणाऱ्या मोठ्या माणसांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असे. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याबाहेरच थांबलेल्या त्याच्या पायांकडे पाहिलं. "देतो," ते म्हणाले, "पर हितं न्हाई. तुमच्या घरी येऊन देतो. आबांच्या हातात."

रविवारी ते मला सोबत घेऊन गेले. इस्त्रीचे कपडे, पायात नवी चप्पल. आयुष्यभर ज्या ओसरीची गोष्ट सांगितली ती चढून जायची, म्हणून बसमध्ये ते ताठ बसले होते. तिथं गेलो तर ओसरी नव्हतीच. जुनं घर केव्हाच विकलं होतं. सडकेला लागून सिमेंटच्या तीन खोल्या, पुढे फरशी, फरशीवर नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्च्या. चढायला एकसुद्धा पायरी नाही. मामा रागावल्यासारखे दिसले. खुर्चीत म्हातारा बसला होता, वाळलेल्या शेंगेसारखा. मामांनी त्याच्या हातात मोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत, कुणी म्हणायची वाट न बघता, बसले. म्हाताऱ्यानं पिसारा चाचपला, खड्यावर बोट फिरवलं. "कोण?" त्यानं विचारलं. मामांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं. म्हातारा विचार करत राहिला. "न्हाई बा ध्यानात," तो म्हणाला. "असंल. लय जण यायचे."

मामांचा चेहरा मला बघवेना. म्हाताऱ्यानं तबकातली सुपारी चाचपून घेतली आणि कापऱ्या हातांनी, बऱ्याच वेळानं, एक खांड कातरलं. मग तळहातावर ते ठेवून हात पुढे केला. "घ्या," तो म्हणाला. मामा थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या तळहातावरून ते खांड उचललं आणि तोंडात टाकलं.

पुढचं सांगायला नको. घाम फुटला, डोळे वाहू लागले, उठायला गेले तर तोल जाऊन त्यांनी देशमुखांच्या मुलाचाच खांदा धरला. तो घाबरला, "पाणी आणा, पाणी!" म्हणत त्यानंच तांब्या मामांच्या तोंडाला लावला. आतून बायका डोकावल्या. कुणीतरी हळहळलं, "रडायलेत बिचारे." मामा घशाखाली पाणी ढकलत ओरडले, "रडत न्हाई! सुपारी लागली!" पैसे मात्र त्यांनी ठरल्याप्रमाणे घेतले. एक पैसा सोडला नाही.

सुजाता डॉक्टर झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. नामांतरही झालं. मामा निवृत्त झाले आणि जिंतूरच्या त्याच घरात अंगणात खाट टाकून बसलेले असतात. मागे गेलो तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी थट्टेत विचारलं, "मामा, बेचाळिसांत कशाची आठवण येते? मोराचीच ना?"

"मोराची कशाला? तो कुठं गेला ठावं हाय. बाकीचे बी कुणाकडं हायेत ते सांगतो," ते म्हणाले. "आमच्या मायच्या चंचीतला एक होता. काळा, लोखंडी. नक्षी न्हाई, काई न्हाई. तुमाला बी कधी नीट दाखवला न्हाई मी, दाखवण्यासारखा नव्हताच. त्या पहिल्या बारात गेला वाटतं. मी मोर तेवढा बाजूला काढून ठेवला होता. त्याच्याकडं ध्यानच ऱ्हायलं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी मामींना हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.