खिळ्यावरचा मग्गा

बहिऱ्या बाईशी मी घसा बसेपर्यंत ओरडून बोललो. तिला ऐकू येत नाही हे मला आधीच सांगितलेलं होतं; म्हणूनच ओरडलो. तिच्यावर काय प्रसंग गुदरला ते त्या दिवशी भिलाईच्या कोहक्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळलं. वकिलाने अशिलाची गुप्तता कशी राखू नये, याचा याहून चांगला नमुना दुर्गच्या कोर्टात मिळायचा नाही.

ती शांतपणे माझं तोंड बघत होती. मग तिने डावा तळवा पुढे केला आणि स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून पिळली, जुन्या रेडिओचं बटण बंद करावं तशी. त्यानंतर त्याच हाताची बोटं अंगठ्यावर चोचीसारखी उघडमीट केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तिची मोठी बहीण तोंडाला पदर लावून हसली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काई नाई जी. तुमचं नाव ठेवलं तिनं."

तिच्या भाषेत माणसाला नाव असंच मिळायचं. ही भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. दोघी बहिणींनी लहानपणी अंगणात बनवलेली. भाजीवाला म्हणजे लंगडत चालणारी दोन बोटं. बहीण म्हणजे कपाळावरच्या गोंदणावर टेकलेलं बोट. आणि मी म्हणजे चोच. माझे बार रूममधले मित्र इतकी वर्षं जे शोधत होते ते तिला पहिल्या भेटीतच सापडलं.

तुमच्याही आसपास असं एखादं माणूस असेल, ज्याने नुसती दूध आणायला गेल्याची हकिकत सांगितली तरी बघत राहावं. ती हथखोजच्या कारखान्यांतल्या एका शेडमध्ये कापलेल्या पत्र्यांच्या कडा घासायची. संध्याकाळी घरी आली की ओट्यावर उभी राहून सगळी शेड करून दाखवायची: डोळे चोळणारा वेल्डर, पोट सावरत येणारा मालक, फोनवर प्रेमाने बोलता बोलता हेल्परवर डोळे वटारणारा क्रेनवाला. त्यांच्या गल्लीतली पोरं लोळून हसायची. हे सगळं उजव्या हाताचं. डावा नुसता साथीला.

माझ्याकडे आली तेव्हा तो उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शेडच्या सुपरवायझरने तिला मालाच्या खोलीत ओढलं होतं. ती चावली, तेव्हा त्याने पाइप उचलला आणि मनगटावर घातला. आता ती डाव्या हाताने सांगत होती. लहान मूल बोबडं बोलतं ना, तसं. शब्द अडायचे, ती चिडायची, पुन्हा सुरुवात करायची. डॉक्टरांनी लिहिलं होतं, मनगटाचं हाड मोडलं. हाडच मोडलं होतं, खोटं नाही. पण तुमचं माझं हाड मोडलं तर आपण निदान बोंब मारू शकतो. तिचं बोलणंच मोडलं होतं, आणि त्याला कुठल्याही पुस्तकात कलम नव्हतं.

कायदा म्हणतो, अशा बाईचा जबाब तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्याच्या मदतीने घ्यावा. ठाण्यात आम्हाला सोयीची जागा म्हणून पंख्याखालचं बाकडं मिळालं आणि दुभाष्या म्हणून "आपकी दीदी तो हैं ना" हे उत्तर.

"जाति को लेकर क्या बोला?" ती दलित असल्याचं तक्रारीत वाचून अधिकाऱ्याने विचारलं. "शब्द बताइए."

"साहब, उसको सुनाई नहीं देता," बहीण म्हणाली.

"तो किसी और ने सुना होगा."

"मशीन चालू थी साहब."

"फिर? शब्द के बिना धारा कैसे लगेगी?"

माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला चहा पाजला. पण त्या चहासकट माझं डोकं तापलं. म्हणजे या देशात बहिऱ्या बाईला जातीवरून काय वाटेल ते बोला. तिला ऐकू आलं नाही, म्हणजे तुम्ही बोललाच नाहीत!

तेवढ्यात तिने सुपरवायझरचं नाव घेतलं. तिच्या भाषेतलं. हवेतल्या खिळ्यावर काहीतरी अडकवलं, नाक मुरडलं आणि दोन बोटांनी ते दूर सरकवलं.

"हे काय?"

"मग्गा," बहीण म्हणाली. "चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ही निळी साडी नेसून गेल्ती. त्यानं रस्त्यावर पाह्यलं. दुसऱ्या दिवशीपासून हिचा पाण्याचा मग्गा अलग. संडासाच्या बाजूले खिळा ठोकला अन् तिथं टांगला. तवापासून हिच्याकडं त्याचं नाव हेच हाय."

बघा आता. ज्या माणसाची जातीवरची शिवी तिला ऐकू येऊ शकत नव्हती, त्याच्या नावातच तिने ती पकडून ठेवली होती. आणि तिला पाठीमागून येणारा माणूस ऐकू येत नाही, हे त्याने आधी तिच्यामागे सळई आपटून तपासलं होतं. तेही तिने करून दाखवलं: सळई पडते, सगळे दचकतात, ती पत्रा घासतच राहते. तो हसतो.

इथे मी माझी अक्कल पाजळली. बहिणीला बाजूला घेऊन म्हटलं, "मग्गा, सळई राहू द्या. बाईवर हात टाकला, हात मोडला, एवढंच पक्कं धरू. केस सुटसुटीत होते."

बहिणीने हातवारे करून ते तिला सांगितलं. तिचा डावा हात भराभर चालला.

"ती मनते, मारणारा एकच होता ना जी? मंग तुमी त्याचे तुकडे कावून करून राह्यले?"

 अडलो की मी अर्ज लिहितो. वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला, अॅट्रॉसिटीचं कलम लागलं. मग जातीचा दाखला मागितला गेला. आजोबा भंडाऱ्याकडून भिलाईला आले ते कारखाना बांधायला. आणि इथला दाखला हवा तर घराणं पन्नास सालाआधीपासून इथलं असावं लागतं. म्हणजे कारखाना उभा राहायच्या आधी त्यांनी कारखान्यावर यायला हवं होतं! तीन पिढ्या भिलाईत गेल्या, पण सरकारी हिशेबाने त्यांची जात गोंदिया स्टेशनलाच उतरून राहिली. सुपरवायझरला मात्र ती भिलाईत बरोबर दिसली. त्याला दाखला लागला नाही.

मी भांडलो. जात हद्द ओलांडताना गळून पडत नाही, वगैरे. चोच चांगली चालली म्हणतात.

निकाल लागला. सुपरवायझरला शिक्षा झाली आणि मी कोर्टातून थेट पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. प्लास्टर केव्हाच निघालं होतं, पण मनगट ताठ राहिलं होतं. तिने पेढा हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने हवेत मग्गा टांगला. भुवया वर. मग्ग्याचं काय झालं?

मी नकारार्थी मान हलवली. न्यायालयाच्या मते आरोपीला जात ठाऊक होती हे सिद्ध झालं नव्हतं आणि वेगळा मग्गा ही स्वच्छतेची व्यवस्था असू शकत होती. सळईचा तर उल्लेखही नव्हता. शिक्षा झाली ती एका बाईवर हात टाकल्याची आणि एक हाड मोडल्याची. ती बाई कुणीही असती तरी चाललं असतं.

बहिणीने तिला हे सांगायला बराच वेळ घेतला. तिने पेढा परत खोक्यात ठेवला. ते पाहून बहिणीनेही आपला ठेवला, अर्धा खाल्लेला. मी खोकं घेऊन घरी आलो आणि रागाच्या भरात सगळे पेढे एकट्याने संपवले.

त्यानंतर हथखोजला तिला कुणी कामावर घेईना. "केस करनेवाली" अशी ओळख शेडोशेडी पोचली होती. दोघी बहिणी गोंदियाला मावशीकडे गेल्या. जात जिथे उतरली होती तिथेच त्यांनाही उतरावं लागलं. ओटा रिकामा झाला. पोरं काही दिवस क्रेनवाल्याची नक्कल करून बघत होती, पण जमेना.

अपील बिलासपूरच्या हायकोर्टात मी दाखल केलं. त्यात मग्गा आहे, सळई आहे, मोडलेलं मनगट म्हणजे मोडलेली वाचा असं एक अख्खं पान आहे. एकाच माणसाने एकाच बाईला केलेलं सगळं, तुकडे न करता. परवा ते दाखल करून घेतल्याचं कळलं आणि मी तिथल्या आवारातूनच गोंदियाला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर ती दिसली. जरा वाळली होती. ताठ मनगटाने तिने हवेत मग्गा टांगला. सवयीने मी सुरू झालो: "हो! आहे! मग्गासुद्धा आहे! सगळं एकत्र!" आवारातले वकील वळून बघायला लागले. ती कपाळाला आठ्या घालून पडद्याजवळ आली. पाळी पिळली. मग बहिणीचा चेहरा मध्ये घुसला.

"वकीलसाहेब, तोंड कायले दाखवून राह्यले तिले? नुसतं नाक दिसते तुमचं. हात दाखवा, हात!"