लाल पेन्सिल आणि मान्यताप्राप्त पाळणा

परिपत्रकं वाचण्यासाठी काढलेली असतात, असं मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती माझ्याच शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होती. भिवंडीतल्या कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात आम्ही कारकून मंडळी नोटीस बोर्डाकडे सुट्ट्यांच्या यादीपुरतंच बघायचो. बाई मात्र लाल पेन्सिल घेऊन बोर्डापुढे उभ्या राहत आणि साहेबांच्या सहीखालची तारीखसुद्धा तपासत. सख्ख्या भाचीच्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ लाल करून त्यांनी ती परत पाठवली होती. भावजय वर्षभर बोलत नव्हती. मुलाला ताप आला की आधी औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचायच्या. वाचून होईपर्यंत कधीकधी ताप उतरलेला असे, आणि त्याचं श्रेय बाई त्या कागदाला देत.

नव्वद साल उजाडायच्या सुमाराची गोष्ट. बाईंचा मुलगा चार वर्षांचा होता आणि सासूबाई गेल्यापासून दिवसभर राहनाळच्या एका काकींकडे असायचा. काकी पाच-सहा पोरं सांभाळत, पण त्यात भागेना म्हणून काल्हेरला गोदामात कामाला जायचं म्हणत होत्या. काकी गेल्या की बाईंची नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. नेमकं तेव्हाच बोर्डावर परिपत्रक लागलं, की स्त्री कर्मचाऱ्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची कूपनं मिळतील. कूपन म्हटल्यावर आम्हांला कॅन्टीनचा चहाच आठवला, आणि ते कुठल्या खिडकीवर द्यायचं असं मीच विचारलं. बाईंनी मला समोर बसवून समजावलं, की कूपन पाळणाघरात द्यायचं आणि पैसे कारखाना परस्पर पाळणाघराला देणार. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. पाळणाघर मान्यताप्राप्त असावे, असं तिथे लिहिलं होतं. तसं पाळणाघर आमच्या माहितीत अख्ख्या भिवंडीत नव्हतं.

“नसेल तर करू,” बाई म्हणाल्या.

काकींना त्यांनी मान्यता येईपर्यंत थांबायला सांगितलं, आणि बाईंच्या शब्दावर काकी थांबल्या. काकींच्या नावाने बाईंनी सरकारी कचेरीत मान्यतेचा अर्ज केला आणि तपासणीला तिथले साहेब आले. अर्जात पाळण्यांची संख्या हा रकाना होता, तो कोरा. काकी म्हणाल्या, “सायब, पाळना न्हाय, पन पोरां हायत.” साहेबांनी तेवढ्यावर अर्ज फेटाळला. आम्ही संतापलो, पण बाईंना साहेबांचं म्हणणं चक्क पटलं. रविवारी त्यांनी माळ्यावरचा मुलाचा पाळणा काढला, रिक्षात मांडीवर घेऊन राहनाळला नेला आणि स्वतः आढ्याला टांगला. दुसऱ्या तपासणीच्या वेळी वीज गेली. शेजारचे माग बंद पडले आणि खडखडाटात गाढ झोपणारी सगळी पोरं एकदम उठून रडायला लागली. साहेबांनी शेरा मारला, ‘शांतता नाही.’ बाईंनी लेखी उत्तर धाडलं, की त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त शांतता होती, आणि मुलं त्यामुळेच रडली.

असं दोन वर्षं चाललं. मान्यता आली तेव्हा आम्ही पेढे आणले, पण त्याच महिन्यात बाईंच्या मुलाला सहा वर्षं पूर्ण झाली. त्यांचा कूपनांचा अर्ज कारखान्याच्या कचेरीतून ‘अपात्र’ असा शेरा मारून परत आला. बाईंनी तो दोनदा वाचला. “नियम बरोबर आहे,” एवढंच म्हणाल्या आणि टाइपरायटरवर कव्हर घालून लवकर घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. माझ्या सासूबाई गणेशपुरीची शेती सोडून येऊ शकत नव्हत्या. मी हाताने राजीनामा लिहिला आणि टाइप करायला बाईंपुढे ठेवला. काकींचं पाळणाघर माझ्यासाठीही आहे, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी कागद टाइप न होताच परत आला. ‘घरी मूल सांभाळायला कोणी नाही’ या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘हे कारण आता खरे नाही. दुरुस्त करून आणावे.’

मी तो दुरुस्त केला नाही. माझी मुलगी मागांच्या आवाजात, बाईंच्या मुलाच्या पाळण्यात झोपली, आणि बाईंना कधीच न मिळालेल्या कूपनांवर मी सही करत राहिले. बाई निवृत्त होऊन गेल्या, त्यांची फार आठवण येते. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. घाईत मी ‘कोणी’ची वेलांटी ऱ्हस्व काढली होती. तीही त्यांनी लाल पेन्सिलीने दीर्घ करून ठेवली आहे.