चीफमामाचं पिंप

उरणजवळच्या आमच्या अख्ख्या जासईत पिंपाशी बोलणारा माणूस एकच होता, तो म्हणजे माझा मामा. जन्मभर बोटीवर आचारी होता, चीफ कुक. म्हणून आम्ही भाचरं त्याला चीफमामा म्हणायचो. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. मामा वेल्डरकडे गेला आणि तेलाचं रिकामं पिंप आडवं कापून, बिजागऱ्या लावून, धुरावर मांस शिजवायची सोय करून आला. "गप ऱ्हा, हलू श्वास घे," असं तो त्याला झाकणावर थोपटत सांगायचा.

मामीने डुकराचं मांस घरात कधी येऊ दिलं नाही. सुरी, पाट, बशा, सगळं अंगणातल्या फळीवर वेगळं. मामाची त्याला हरकत नव्हती. पाठीचा लांब, बिनहाडाचा तुकडा तो सुरीने चटईसारखा उलगडायचा, आत वालाचे दाणे, ओली लसूण, ओवा आणि मिरची भरायचा, मग गुंडाळून सुतळीने आवळायचा. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. निखाऱ्यांवर आंब्याच्या ढलप्या, आणि आपण वालाच्या शेंगा भाजताना पोपटीच्या मडक्यात घालतो तो भांबुर्ड्याचा वासाचा पाला. "ह्यो पाला गोऱ्या कॅप्टनला मिलाला असता ना, तर बोट त्यानं उरणलाच बांधली असती," म्हणायचा.

झाकण मात्र उघडू द्यायचा नाही. मी एकदा हात घातला तर चिमट्यानेच बाजूला सारला. "तुमी बँकवाले, सारखं उघडून बगता. धुराला त्याचं काम करूदे."

हे पिंप पेटायचं ते नितेश सुट्टीवर यायचा त्या दिवशी, एरवी नाही. नितेश त्याचा एकुलता एक, मालवाहू बोटीवर खलाशी. गेल्या हिवाळ्यात त्याची बोट आखातात नांगरून पडली. मालकाने आधी पगार थांबवले, मग फोन उचलणं थांबवलं. बंदरवाले कुणाला उतरू देईनात. आम्ही अर्ज केले, ओळखी काढल्या, पनवेलच्या पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले. चहा सगळीकडे मिळाला.

शेवटी निरोप आला की नितेशला सोडताहेत, संध्याकाळचं विमान आहे. मामाने सकाळीच निखारे केले. मांस पिंपात गेलं आणि तासाभरात नितेशचा फोन आला. बंदरवाल्यांनी पुन्हा अडवलं होतं.

"खायला काय हाय?" मामाने एवढंच विचारलं.

"तांदूल हायत थोडे. मीठ हाय. बाबा, तू काय बनवतोस?"

मामाने पिंपाकडे पाठ केली. "काय नाय रं. डालभात." मग त्याचा आवाज एकदम बोटीवरच्या चीफचा झाला. "ऐक. तांदूल आदी भाज, मंग पेज कर, पुरते. सगल्यांना एकदम वाड. कॅप्टनला पन तेवडीच."

फोन तुटला. मांस अर्धवट शिजलेलं. ते आता थांबवता येत नव्हतं, आणि ते कुणासाठी हेही सांगता येत नव्हतं. आम्ही दोघं धूर बघत बसलो. शिजल्यावर त्याने पातळ काप केले आणि आळीत वाटले. झकास झालं होतं. मी एकच काप खाल्ला. त्याने तर तोंडातही घातलं नाही.

त्या दिवसापासून मामा नुसती मीठ घातलेली पेज प्यायला लागला. दोन्ही वेळा. मामीने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, डॉक्टरांनी दम दिला. मी पापलेट घेऊन गेलो तर म्हणाला, "पोराला मिलूदे, मंग मी पन खातो." हट्ट म्हणावा तर आवाज कधी चढवला नाही. सदरे अंगावर लोंबायला लागले. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि राग येऊन काही होत नव्हतं.

एप्रिलमध्ये मामा गेला. अग्नी मी दिला. नितेश बोटीवरून फोनवर बघत होता. चित्र सारखं थिजायचं. सगळं आटोपल्यावर त्याने विचारलं, "दादा, बाबा जेवायचा ना नीट?"

मामी माझ्याकडे बघत होती.

"जेवायचा," मी म्हणालो. "दोन्ही वेळा."