पाहुण्याचा काळा कान

युनिटमध्ये सगळे त्यांना दुर्बीणबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. गेल्या शॉटमध्ये कप कोणत्या हातात होता, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, हे वहीत टिपून ठेवायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत ती वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली होती आणि बाईंचा स्वभाव पक्का संशयी. नवरा म्हणायचा, "मांजर आडवं गेलं तरी तू ते डावीकडून गेलं की उजवीकडून, एवढंच लिहून घेशील."

या वेळचा सिनेमा भुताखेतांचा होता. चार वेगवेगळ्या गोष्टी आणि त्यांना जोडणारा एक भटका कुत्रा. तो ज्या दारात थांबेल, तिथे काहीतरी अघटित घडणार. पांढराशुभ्र, एकच कान काळा. युनिटने त्याचं नाव ठेवलं पाहुणा. त्याला आणणारा कुत्रेवाला फार कमी बोलायचा. बाईंना अशी माणसं पटत नसत. जो बोलत नाही तो काहीतरी लपवतो, हे त्यांचं ठाम मत.

दुसरी गोष्ट आधी शूट झाली, एका चिंचोळ्या सलूनमध्ये. जागाच नसल्याने बाईंचं स्टूल आरशाकडे तोंड करून ठेवलं होतं. तिथूनच त्यांनी फोटो काढला आणि वहीत लिहिलं: काळा कान उजवा.

दहा दिवसांनी पहिल्या गोष्टीसाठी पाहुणा रस्त्यावर आला आणि बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काळा कान डावा होता!

"हा तो कुत्रा नाही," त्या म्हणाल्या.

"तोच आहे, ताई. माझ्याकडे एकच आहे."

"मग पहिल्याचं काय झालं?"

"ताई, त्या दिवशी तुम्ही जिथे बसला होता ना, तिथून..."

"मी कुठे बसते ते मला शिकवू नका."

सकाळभर त्यांनी पाळत ठेवली. कुत्रा हाकेला उशिरा वळतो, पाणी कमी पितो, शेपूटसुद्धा वेगळीच हलवतो! एकदा संशय घ्यायचा म्हटलं की पुरावे काय, आपल्या पायांनी चालत येतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दिग्दर्शकासमोर वही उघडली. "इथे पाणी मुरतंय," म्हणाल्या. त्याने फोटो पाहिला, कुत्रा पाहिला आणि कुत्रेवाल्याला घरी पाठवलं. उजवा कान काळा असलेला दुसरा कुत्रा आला. कुत्रेवाला जाताना काहीच बोलला नाही. चोराच्या मनात चांदणं, बाई म्हणाल्या.

महिन्याभराने संकलनाच्या खोलीत सलूनचं दृश्य लागलं. आरशात पाहुणा, काळा कान उजवा. बाई मान डोलावणार तोच पाहुणा वळला आणि आरसा सोडून थेट कॅमेऱ्यासमोरून बाहेर गेला. कान डावा! हा शॉट घेताना बाई मान खाली घालून मागचाच शॉट लिहीत बसल्या होत्या.

बाईंना भयंकर लाज वाटली. आपण एका माणसाचं काम घालवलं, तेही आरशात बघून. त्यांनी तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला. "चूक माझी आहे. आरशातलं लिहिलं मी."

त्याने शूटिंगच्या तारखा चाळल्या. मग म्हणाला, "आणा त्याला परत. पहिली गोष्ट पुन्हा करू, दोन अजून बाकीच आहेत."

कुत्रेवाला तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचा. बाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं आणि हात जोडले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला.

"मग नंतर तरी सांगायचं!"

"कुणाला? कुत्रे बदलतो म्हणून माझं नाव सगळीकडे झालं. पुढची दोन कामं गेली. तुमच्या वहीपुढे माझं कोण ऐकणार?"

"आता मी सांगेन सगळ्यांना. शपथ घेते, पुन्हा तुमच्यावर संशय घेणार नाही."

बाई अगदी मनापासून बोलत होत्या. पण बोलता बोलता त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली. कोपऱ्यात पाहुणा झोपला होता आणि त्याच्याजवळ दोन भांडी होती.

कुत्रेवाल्याने मागे वळून पाहिलं, मग बाईंकडे.

"एक पाण्याचं आहे, ताई," तो म्हणाला. "एक जेवणाचं."